सरकीच्या ट्रॉलीचा तळ

सेलूला रेल्वे फाटकाच्या पलीकडं आबासाहेबांची जिनिंग होती. तिथं लाकडाचं काहीही मोडलं की सूर्यभान वाव्हळेला हाक जायची. मग ते गोदामाचं दार असो, वजनकाट्याचा पाट असो, की मुनिमाच्या खुर्चीचा पाय. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, पण कागदावर तो हमालच होता. हाक आली तरी तो लगेच उठायचा नाही. आधी एक हात गुडघ्यावर, मग दुसरा भिंतीला, मग एक लांब श्वास. वय काही फार नव्हतं, चाळिशी नुकतीच ओलांडलेली. पण उठणं म्हाताऱ्याचं होतं. बोलणंही तसंच. विचारलं तेवढंच सांगायचा, आणि तेही एकदाच.

तो पहिल्यापासून असा नव्हता. तरुणपणी पूर्णेला रेल्वेत हंगामी खलाशी होता. मालगाडीच्या डब्यांचे लाकडी तळ बदलायचं काम तिथं गफूर मिस्त्रींच्या हाताखाली शिकला. गफूर मिस्त्री नमाजाला जाताना हत्यारांच्या पेटीची किल्ली त्याच्याकडं देऊन जात. काढलेली फळी उलटी करून ते तिच्यात बोट खुपसून दाखवायचे. वरून ठणठणीत दिसणारी फळी खालून भिजल्या पिठासारखी असायची. "लकडी पानी से नै मरती बेटा," ते म्हणत, "रुकेले पानी से मरती." हंगामी माणसं कमी केली तेव्हा सूर्यभान दुधनेकाठच्या आपल्या गावी परतला. चौकटी, पलंग, देव्हारे असली कामं करू लागला. तेव्हा तो चांगला बोलका होता. चार माणसं जमली की पुढं बसायचा आणि आपलं म्हणणं मांडल्याशिवाय उठायचा नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि गावागावांत आगी लागल्या. सूर्यभानच्या गावात आठ घरं जळाली. त्यांतलं एक त्याचं होतं. आदल्या दिवशी चावडीपुढं उभं राहून तो म्हणाला होता की नाव बाबासाहेबांचंच पाहिजे. घर त्यामुळं जळालं, की तो गप्प बसला असता तरी जळालंच असतं, हे कोण सांगणार? पण त्यानं मनाशी हिशेब तसाच धरला. राखेत पटाशी, करवतीचं पातं आणि रंध्याचं लोखंड सापडलं. मुठी जळून गेल्या होत्या. ती लोखंडं फडक्यात बांधून तो, त्याची बायको कडूबाई आणि दोन लेकी सेलूला आले. कडूबाई जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगावर लागली, आणि तिच्या मागोमाग तो.

आबासाहेबांनी ऐंशी साली ट्रॅक्टरला जोडायची मोठी ट्रॉली घेतली. रेचा म्हणजे जिनिंगचं यंत्र; त्यातून रुई एकीकडं पडते आणि सरकी एकीकडं. ती सरकी गोदामात न्यायची, तिथून तेलाच्या मिलला पोचवायची, हे त्या ट्रॉलीचं काम. नुसत्या फळ्यांचा तळ केला तर फटींतून सरकी रस्ताभर सांडत जायची. लोखंडी तळ केला तर तो गंजायचा, आणि कधी कापूस भरला की कापसाला तांबूस डाग पडायचे. म्हणून किशनराव मुनिमानं पाऊण इंच जाडीचा प्लायवूड टाकून घेतला. गुळगुळीत तळ. त्यावर फावडं सरसर चालायचं. सरकी भरणाऱ्या बायका खूश होत्या.

एक वर्ष बरं गेलं. पण हंगाम संपला की ती ट्रॉली आबासाहेबांच्या शेतावर शेणखत वाहायला जायची आणि ओलीचिंब परत यायची. मग पावसाळाभर उघड्यावर उभी. ताडपत्री मालासाठी होती, ट्रॉलीवर कोण टाकतो? कोपऱ्यात राहिलेली सरकी भिजून तापायची आणि तिला मोड यायचे. दुसऱ्या पावसाळ्याअखेर प्लायच्या कडा फुगल्या. भिजल्या वहीची पानं सुटावीत तसे त्याचे पदर सुटायला लागले.

किशनरावानं सूर्यभानला बोलावून सांगितलं की वरून पत्रा मारून टाक, म्हणजे कायमची कटकट जाईल. किशनराव वाईट माणूस नव्हता. घाईचा माणूस होता. सकाळी आठला आलेलं काम त्याला साडेआठला झालेलं लागायचं.

"मुनीमसाब, पत्रा वरून मारला तर खालचं पाणी जायचं कुठं?" सूर्यभान म्हणाला. "आधी तळ वाळू द्या. कडांना तेल पाजू, खालून डांबर लावू."

"तुला पत्रा मारता येतो का न्हाई, तेवढं सांग."

"येतो."

"मग मार."

सूर्यभाननं पत्रा मारला. दीडेकशे खिळे लागले. प्रत्येक खिळा ठोकताना त्याला कळत होतं की आपण पाण्याला आणखी एक वाट करून देत आहोत. पत्रा वरून चकचकीत दिसत होता. किशनरावानं त्यावर बूट आपटून पाहिला आणि शाब्बास म्हटलं.

दोन पावसाळे गेले. चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात हंगाम भरात होता. सरकीच्या बायकांमध्ये मनकर्णा नावाची एक होती. तीस-बत्तिशीची, नवरा वारलेला, घरी म्हातारी आई सुलाबाई. पायाची लय चपळ. दुसऱ्या बायका शिडी धरून ट्रॉलीत चढायच्या, ही चाकावर पाय देऊन टोपल्यासकट वर जायची. त्या दिवशी अशीच वर गेली, मागच्या कोपऱ्यात उतरली, आणि पत्र्यासकट खाली गेली. पत्र्याखाली प्लाय उरलाच नव्हता, नुसता काळा लगदा होता. एक पाय मांडीपर्यंत आरपार गेला आणि फाटलेला पत्रा पोटरीत घुसला. ती ओरडली नाही म्हणतात. टोपलं मात्र डोक्यावरनं पडलं आणि सगळी सरकी तिच्या अंगावर सांडली.

पत्रा कापून तिला सूर्यभाननंच काढलं, कारण कातरी त्याच्याकडंच होती. कापताना पत्र्याखालचा लगदा त्याच्या बोटांना लागत होता, पूर्णेच्या फळीसारखा मऊ. मनकर्णाला आधी सेलूच्या आणि मग परभणीच्या दवाखान्यात नेलं. खर्च आबासाहेबांनी केला. जखम चिघळली, पाय वाचला, पण पोटरीचं मांस गेलं ते गेलंच.

जिनिंगमध्ये बोलणं झालं. किशनरावानं सगळ्यांदेखत सांगितलं की मिस्त्रीनं खिळे लांब लांब अंतरावर मारले, म्हणून पत्रा दबला. सूर्यभान तिथंच उभा होता. बायका त्याच्याकडं पाहत होत्या, त्यांत कडूबाईही होती.

घरी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "मालूम व्हतं का तुमाला? तळ सडलाय म्हणून?"

"मुनिमाला सांगितलं व्हतं एकदा."

कडूबाईनं भाकरी उलटली. पुढं पंधरा दिवस ती लागेल तेवढंच बोलली. मग मनकर्णा परभणीहून घरी आल्याचं कळलं, तेव्हा कडूबाईनं नवऱ्याचा धुतलेला शर्ट काढून दिला आणि तिच्याकडं जाऊन या म्हणाली.

मनकर्णाचं घर बाजारपट्टीमागं होतं. ती बाजेवर पाय लांब करून बसली होती, पोटरीला पट्टी. सुलाबाईनं पाणी दिलं. सूर्यभान उंबऱ्याजवळच टेकला. इकडचं तिकडचं काही त्याला सुचेना, म्हणून त्यानं थेट सांगून टाकलं. पत्रा मारला तेव्हाच त्याला ठाऊक होतं की खालून प्लाय कुजणार. मुनिमाला सांगितलं, मुनिमानं ऐकलं नाही, म्हणून तो गप्प बसला. दोन वर्षं त्या ट्रॉलीकडं बघत होता आणि गप्प बसला होता.

मनकर्णानं ऐकून घेतलं. ती रागावलेली दिसत नव्हती. दमलेली होती, त्याच्याइतकीच.

"मुनिमाला सांगितलं म्हंता," ती म्हणाली. "मुनीम कवा चढतो ट्रॉलीत? चढणार आमी. आमाला सांगायचं व्हतं, मिस्त्री. मी त्या कोपऱ्यात पाय दिला नसता."

इतकी वर्षं सूर्यभान धरून चालला होता की बोलण्यानं घर जातं. न बोलण्यानंही कुणाचं तरी काही जातं, हे त्याला कधी वाटलंच नव्हतं. सुलाबाईनं पुन्हा पाणी विचारलं, तेव्हा तो उंबऱ्यावरून उठला.

इकडं जिनिंगमध्ये वेगळीच अडचण झाली होती. भोकावर फळी टाकून काम चालू होतं, पण ट्रॉलीत चढायला एकही बाई तयार नव्हती. खालूनच टोपली फेकायच्या, अर्धी सरकी बाहेर पडायची. किशनरावानं जाड पत्रा आणायचं ठरवलं. ऐन मार्चमध्ये, कचेरीसमोरच्या लिंबाखाली आबासाहेब बसलेले असताना सूर्यभानला बोलावणं आलं. आबासाहेब मोठ्या घरचे, आवाजही मोठा. जाड पत्रा कधी मारून देतोस, एवढंच त्यांनी विचारलं.

सूर्यभान म्हणाला की पत्रा तो मारणार नाही. पत्रा, खालचा कुजलेला प्लाय, सगळं काढावं लागेल. नवा प्लाय आणावा लागेल, आणि तो चैत्र-वैशाखात वाळवून, तेल पाजून, त्याच्या पद्धतीनं बसवावा लागेल. दीड महिना ट्रॉली उभी राहील.

किशनराव मध्ये बोलायला गेला. आबासाहेबांनी हातानं थांबवलं.

"तू मला अट घालायलास का?"

"व्हय," सूर्यभान म्हणाला. "न्हाई जमलं तर दुसरा मिस्त्री बघा, आबासाहेब. मी आता पत्र्याला हात लावत न्हाई. आन खिळे अंतरावर न्हवते. फळी सडली व्हती. मला मालूम व्हतं आन मुनीमसाबाला मी सांगितलं व्हतं."

किशनराव जमिनीकडं बघत राहिला. आबासाहेबांनी त्याला काही विचारलं नाही. सूर्यभानकडं बघून म्हणाले, "तुज्या तळावर बायका चढतील?"

"आधी मी चढंन. मग त्या ठरवतील."

आबासाहेबांनी पान जुळवलं, तोंडात घातलं, आणि प्लाय आणायला माणूस परभणीला धाडला.

त्या उन्हाळ्यात सूर्यभाननं जे काम केलं, तसं त्यानं आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही फार वेळा त्याच्या हातून झालं नाही. ट्रॉलीचा सांगाडा उघडा करून, खरवडून त्याला लाल रंग दिला. प्लायच्या पाट्या मापात कापल्या, बोल्टांची भोकं आधीच पाडून घेतली, आणि मग गोदामात चार विटांवर आडव्या ठेवून पंधरा दिवस वाळू दिल्या. भोकं आधी का पाडतोस, असं ट्रॅक्टरचा ड्रायव्हर दत्तरावनं विचारलं. सूर्यभान म्हणाला, पाणी पहिल्यांदा तिथंच शिरतं, म्हणून तेलही पहिल्यांदा तिथंच गेलं पाहिजे.

जवसाचं तेल कढवून त्यात थोडं टर्पेंटाइन घातलं. ते पाट्यांना दोन्ही अंगांनी लावायचं, पण जास्त कडांना. पाटीची वरची बाजू तेल लवकर नको म्हणते, कड मात्र पीतच राहते. एका बैठकीत होणारं ते काम नव्हतं. एक हात मारायचा, दोन दिवस वाळू द्यायचा, पुन्हा मारायचा. कडेनं तेल प्यायचं सोडलं म्हणजे झालं.

या कामाला त्यानं मनकर्णाला बोलावून घेतलं. टोपलं उचलणं तिच्यानं आता होणार नव्हतं, आणि हे बसून करायचं होतं. ती काठी टेकत आली, फडकं हातात घेतलं आणि पहिल्या दिवशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, ही कड अजून पितीय का? सूर्यभाननं बोट लावून पाहिलं, पितीय म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात तिला विचारायची गरज उरली नाही.

तेल वाळल्यावर पाट्यांच्या खालच्या अंगाला डांबर पातळ करून फासलं. लोखंडी आडव्या पट्ट्यांवर जुन्या रेच्याच्या रबरी पट्ट्याचे तुकडे अंथरले, म्हणजे लोखंडाचा घाम लाकडाला लागणार नाही. तळ आणि बाजूच्या भिंती यांच्यात बोटभर फट चारी बाजूंनी सोडली. किशनराव येऊन म्हणाला की इथून सरकी गळेल. सूर्यभाननं फटीखाली बारीक जाळी मारली आणि सांगितलं, सरकी राहील, पाणी जाईल. एकदा सांगितलं. किशनरावाच्या चेहऱ्यावर शंका दिसली, म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला ट्रॉली तयार झाली. सूर्यभान चढला आणि चारी कोपऱ्यांत उड्या मारल्या. गुडघे कुरकुरले. मग मनकर्णा शिडीनं चढली. त्या मागच्या कोपऱ्यात जाऊन थोडा वेळ उभी राहिली, तिथंच खाली बसली, आणि पदरानं डोळे पुसले. बाकीच्या बायका खाली उभ्या होत्या. त्यांच्यातून कडूबाई सगळ्यांत आधी चढली.

तो तळ टिकला. पण तो आपोआप टिकला नाही, आणि सूर्यभानचा खरा थकवा तिथून सुरू झाला. दत्तराव पाइप लावून ट्रॉली धुवायचा आणि तशीच सपाटीवर उभी करायचा. त्याला रोज सांगावं लागे की पुढचं टोक दगडावर चढव, पाणी मागं वाहून जाऊ दे. ओली ताडपत्री घडी करून आत टाकू नको. सरकी उतरली की कोपरे झाडून घे. ते झाडायचं काम पुढं मनकर्णाकडंच आलं. टोपल्याच्या मजुरीपेक्षा त्याला कमी मिळायचं, आणि पाय दुखायचा तो दुखायचाच. दर वैशाखात तळाच्या कडांना पुन्हा तेल पाजायचं आणि खालून डांबर फासायचं. दर वर्षी तेल मागायला गेलं की किशनराव विचारायचा, तळ तर चांगला हाय, मग तेल कशाला? दर वर्षी सूर्यभान सांगायचा की तेल पाजतो म्हणूनच चांगला आहे.

कुजलेला तळ सगळ्यांना दिसतो. न कुजलेल्या तळाकडं कुणी बघत नाही. सूर्यभानला कुणाचं शाब्बास नको होतं, पण एकच गोष्ट शंभर वेळा सांगून तो बेजार व्हायचा. झरीचा एक शेतकरी आपली ट्रॉली दाखवायला आला, पालमहून कुणी दुकानदार आला, त्यांनाही सूर्यभाननं सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते मान डोलवून गेले आणि झरीवाल्यानं घरी जाऊन पत्राच मारला. हे ऐकल्यावर सूर्यभान दिवसभर उदास होता. कडूबाई म्हणाली, तुमी सांगितलं ना, मग झालं. तो म्हणाला, झालं कुठं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. पूर्ण बदललं नव्हतं, जुन्याच्या पुढं जोडलं होतं, त्यावरून बस्तीत वाद चालले होते. तरी संध्याकाळी विहारापुढं माणसं जमली, पेढे वाटले. कुणीतरी म्हटलं की मिस्त्रीचं घर जळालं होतं, त्यांनी बोलावं. सूर्यभानला ताप होता, तरी तो गेला. त्यानं भाषण केलं नाही. जळालेल्या आठ घरांच्या कर्त्या माणसांची नावं सांगितली, सावकाश, एकही न गाळता, आणि खाली बसला. पोरांना वाटलं, अजून काही बोलतील. पण तेवढंच होतं. कडूबाईनं त्याच्या हातावर पेढा ठेवला. तो त्यानं बराच वेळ तसाच धरून ठेवला होता.

त्या वर्षीच्या वैशाखात तळाखाली जायचं त्याच्यानं झालं नाही. ट्रॉलीखाली पाठीवर सरकत जाऊन डांबर लावावं लागतं, आणि त्याचे गुडघे आता दुमडतच नव्हते. मनकर्णा म्हणाली की उभं राहायला पाय लागतो, आडवं पडायला कशाला लागतो? ती गोणपाट अंथरून खाली सरकली. नऊ वर्षांचा तो प्लाय खालून ठोकला की टणटण वाजत होता. सूर्यभान लिंबाखाली बसून बघत होता.

"मागली डावी कड राह्यली," तो म्हणाला.

"राह्यली न्हाई. आत्ताच फासली."

डांबराचा वास, ऊन आणि बंद जिनिंगची शांतता. हळूहळू सूर्यभानची मान छातीवर आली.

दुपारी कडूबाई भाकरीचं फडकं घेऊन आली, तेव्हा तो बसल्या जागी झोपलेला होता आणि मनकर्णा ट्रॉलीखालून बाहेर येऊन हात रॉकेलनं पुसत होती. कडूबाई त्याला हलवायला वाकली.

"निजू द्या," मनकर्णा म्हणाली. "डांबराचा दुसरा हात परवालाच मारायचा हाय."

कडूबाईनं फडकं त्याच्याशेजारी ठेवलं आणि दोघी सावलीच्या दुसऱ्या कडेला जाऊन बसल्या.